घरची कोंबडी, परसातील भाजी आणि कुटुंबाचे ताट

शेतकऱ्याच्या घरी धान्य पिकते, दारात शेळी असते, अंगणात कोंबड्या हिंडतात. म्हणून त्याच्या कुटुंबाचा आहार सकस असणारच, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात मात्र हा समज पुष्कळदा चुकीचा ठरतो. जे घरी पिकते ते घरी खाल्ले जातेच असे नाही, आणि जे खाल्ले जाते ते ज्याला सर्वांत अधिक हवे त्याच्या ताटात पडतेच असेही नाही. पीक आणि ताट यांमधील हे अंतर कसे कमी करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. उदाहरणादाखल सोयगाव तालुक्यातील फर्दापूर व त्याच्या आसपासची गावे डोळ्यांसमोर ठेवली आहेत.

प्रश्न कोठे आहे

फर्दापूर हे अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याचे, छत्रपती संभाजीनगर ते जळगाव या रस्त्यावरील गाव. या भागाचे पाणी वाघूर नदीवाटे तापीला जाऊन मिळते. खोलगट भागात काळी जमीन, तर डोंगराकडे हलकी व मुरमाड जमीन आढळते. कापूस आणि मका ही येथील प्रमुख पिके. कापसाचा पैसा वर्षातून एकदा हातात येतो आणि देणी भागविण्यात बहुतांशी खर्च होतो. भाजी व मटण मात्र वर्षभर विकत आणावे लागते. लेणी पाहण्यास येणाऱ्या प्रवाशांमुळे रस्त्यावर खानावळी व ढाबे आहेत. तेथे गावरान अंड्याला व कोंबडीला गिऱ्हाईक सहज मिळते. विक्री करणे गैर नव्हे. परंतु ज्या घरची कोंबडी अंडी देते त्याच घरातील मूल अंडे न खाता वाढावे, ही गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये व ६ ते ५९ महिने वयाच्या ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी भरली. ही संख्या केवळ दुष्काळी वा भूमिहीन घरांची नाही. तीत शेती करणारी व जनावरे बाळगणारी घरेही आहेत.

गरजेचा हिशेब

कोणतेही पीक घेण्यापूर्वी आपण एकरी बियाणे व खत यांचा हिशेब मांडतो. तसाच हिशेब ताटाचाही मांडावा. नमुन्यादाखल पाच माणसांचे कुटुंब घेऊ: पती, पत्नी, वृद्ध आई व दोन मुले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाच्या दिवसाच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाजीपाला असावा. मुलांचे प्रमाण थोडे कमी धरले तरी या कुटुंबाला रोज दीड ते दोन किलो भाजी लागेल. प्रथिनांची गरज शरीराच्या दर किलो वजनास दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम धरतात. म्हणजे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला रोज सुमारे ४६ ग्रॅम. भाकरी, डाळ व दूध यांतून याचा मोठा भाग मिळतो. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रतीचे प्रथिन मिळते. मांसातील लोह शरीरात सहज शोषले जाते, शिवाय त्याच जेवणातील भाजी-धान्यातील लोह शोषण्यासही ते मदत करते. म्हणून थोडे परंतु नियमित मांस हे सणाच्या एका मेजवानीपेक्षा अधिक उपयोगी होय.

बारा कोंबड्यांचा कळप

कुटुंबाच्या मांसाहाराचा पाया कोंबडी हाच असावा. कारण सरळ आहे. एक कोंबडी ही एका कुटुंबाच्या एका जेवणाइतकी असते. ती कापल्यावर मांस टिकविण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

नमुन्याच्या कुटुंबाने आठ सुधारित व चार गावरान कोंबड्या आणि एक गावरान कोंबडा ठेवावा. सुधारित जातींपैकी हैदराबाद येथे विकसित झालेली वनराज व बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली गिरीराज या परसातील पालनासाठी प्रसिद्ध आहेत. वनराज कोंबडी परसात वर्षाला सुमारे १०० अंडी देते. गावरान कोंबडी साधारणतः ५० ते ८०. परंतु सुधारित कोंबडी चांगली खुडूक होत नाही. अंडी उबविणे व पिल्ले सांभाळणे हे गावरान कोंबडीचेच काम. यासाठी दोन्ही ठेवावयाच्या. सुधारित कोंबड्यांची अंडी उबवून पुढील पिढी तयार करू नये. तीत मूळ गुण टिकत नाहीत. ती पिल्ले पशुसंवर्धन विभागाच्या उबवणी केंद्रातून किंवा खात्रीच्या ठिकाणाहून नव्याने आणावीत.

आता उत्पन्नाचा अंदाज पाहू. आठ सुधारित कोंबड्यांची ८०० व चार गावरान कोंबड्यांची २४० मिळून १,०४० अंडी होतात. चार गावरान कोंबड्यांखाली वर्षातून दोन वेळा प्रत्येकी ११ अंडी बसविली तर ८८ अंडी उबवणीस जातात. उरलेली सुमारे ९५० अंडी म्हणजे रोजची सरासरी अडीचहून थोडी अधिक, अर्थात माणशी अर्धे अंडे. उबवणीस बसविलेल्या अंड्यांतून २१ दिवसांनी तीन-चतुर्थांश पिल्ले निघाली व त्यांपैकी एक-तृतीयांश घार, मुंगूस, मांजर व रोग यांनी गेली, तरी ४० ते ४४ पिल्ले वाढतात. त्यांतील निम्मे नर व अंड्यावरून उतरलेल्या जुन्या कोंबड्या मिळून वर्षाला सुमारे २६ पक्षी खाण्यासाठी मिळतात. म्हणजेच दर पंधरा दिवसांनी एक कोंबडी घरच्या घरी कापता येते.

हे आकडे चांगल्या निगेचे आहेत, हे ध्यानात ठेवावे. उन्हाळ्यात व पिसे झडण्याच्या काळात अंडी कमी होतात. तसेच कोंबडी फुकट जगत नाही. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीलाही सकाळ-संध्याकाळ मिळून ३० ते ४० ग्रॅम धान्य द्यावे लागते. बारा कोंबड्यांना रोज सुमारे अर्धा किलो. खळ्यातील गाळ, ज्वारी-बाजरीची कणी व मक्याची भरड यांतून हे भागवावे. मात्र बुरशी धरलेला मका कोंबड्यांना कधीही घालू नये. त्यातील विष यकृताची हानी करते. सरकीची पेंडही कोंबड्यांना घालू नये. तिच्यातील विषारी द्रव्यामुळे अंड्याचा बलक बिघडतो. किड्यांचे खाद्य हवे असल्यास मडक्यात ओलसर गवत व शेण भरून ते वाळवीच्या जागी संध्याकाळी पालथे घालावे. सकाळी त्यात जमलेली वाळवी पिल्लांना टाकावी. कवचासाठी चुनखडीची कणी किंवा अंड्यांची भाजून कुटलेली टरफले द्यावीत.

रात्रीचे खुराडे जमिनीपासून दोन फूट उंच, कोरडे व हवेशीर असावे. दर पक्ष्यास दीड चौरस फूट याप्रमाणे साडेसहा फूट लांब व तीन फूट रुंद खुराडे पुरेसे होते. पिल्लांना पहिल्या आठवड्यात राणीखेत म्हणजे मानमोडी या रोगाची लासोटा लस व पुढे पशुवैद्यकीय दवाखान्याच्या वेळापत्रकानुसार देवी व राणीखेतच्या पुढील लसी देऊन घ्याव्यात. या एका रोगाने रातोरात अंगण रिकामे होते. बारा कोंबड्यांसाठी लसीची शंभर मात्रांची कुपी फोडणे परवडत नाही. म्हणून आळीतील घरांनी एकच दिवस ठरवून लसीकरण करावे.

शेळी आणि पाळीचे वाटे

कोंबडीच्या जोडीला दोन शेळ्या असाव्यात. या विभागात उस्मानाबादी ही जात सर्वत्र ओळखीची आहे. काळा रंग, कोरड्या हवेत तग धरण्याची शक्ती व जुळी करडे देण्याचा गुण यांसाठी ती प्रसिद्ध आहे. जातिवंत जनावरांची पाहणी करावयाची असल्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र छत्रपती संभाजीनगरजवळ पडेगाव येथे आहे. शेळीचा गाभणकाळ सुमारे पाच महिन्यांचा असतो. नीट निगा ठेवल्यास दोन वर्षांत तीन वेते मिळतात. दोन शेळ्यांपासून, मरतूक वजा जाता, वर्षाला तीन ते चार करडे वाढवता येतात.

येथे एक अडचण येते. २५ किलो वजनाच्या बोकडापासून सुमारे ११ ते १२ किलो मटण निघते. पाच माणसांचे कुटुंब ते ताजे असताना संपवू शकत नाही. म्हणून बोकड बहुधा विकलाच जातो व घरी पाव-अर्धा किलो मटण विकत आणले जाते. यावर आपल्या गावातील वाट्यांची जुनी रीत हाच उत्तम उपाय होय. सात-आठ घरांनी एकत्र येऊन पाळी ठरवावी. दर दीड महिन्याने एका घरचा बोकड कापावा व त्याचे सारखे वाटे घालावेत. प्रत्येक घरास एका वेळी सुमारे दीड किलो ताजे मटण मिळते, कोणाचेही वाया जात नाही आणि प्रत्येक घर वर्षाला एकच बोकड देते. उरलेली जनावरे विकून रोख रक्कमही हाती येते. काळीज, वजडी, मुंडी व पाय यांचेही वाटे घालावेत. काळजात लोह व अ जीवनसत्त्व विपुल असते. मात्र गरोदर स्त्रीने काळीज वरचेवर व अधिक प्रमाणात खाऊ नये.

शेळ्या वनक्षेत्रात चरण्यास सोडू नयेत. बांधावर शेवरी, सुबाभूळ व दशरथ घास लावून, त्यास बोर-बाभळीच्या पाल्याची व शेंगांची जोड द्यावी. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस व जंतनाशक औषध, तसेच पी.पी.आर. व लाळ-खुरकत यांच्या लसी वेळेवर द्याव्यात. शेळीचे दूध नेहमी उकळूनच वापरावे.

परसबाग: जागेपेक्षा पाण्याचा विचार आधी

परसबागेसाठी एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट जागा पुष्कळ झाली. तीत दहा फूट लांब व चार फूट रुंद असे बारा वाफे, मधून पायवाट, कडेला झाडे व एका कोपऱ्यात खतखड्डा बसतो. परंतु या भागात परसबाग बंद पडते ती जागेअभावी नव्हे, तर उन्हाळ्यात पाण्याअभावी. यासाठी आरंभीच पाण्याचा हिशेब करावा.

उन्हाळ्यात भाजीला रोज सुमारे ५ मिलिमीटर, म्हणजे दर चौरस मीटरला ५ लिटर पाणी लागते. पाच माणसांच्या आंघोळीचे व भांड्यांचे मिळून ९० लिटर सांडपाणी धरले तर त्यावर १८ चौरस मीटर क्षेत्र जगते. हे क्षेत्र चार वाफे व चार-पाच झाडे एवढे होते. तेव्हा पावसाळ्यात व हिवाळ्यात बारा वाफे आणि उन्हाळ्यात चार वाफे, हाच व्यवहार्य बेत होय. साबणाचे पाणी आधी खडी-वाळूच्या खड्ड्यातून व कर्दळीच्या ओळीतून जाऊ द्यावे, मग केळी, पपई व वेलांना द्यावे. कच्च्या खाण्याच्या पालेभाजीवर ते घालू नये. वाफ्यांवर पाचटाचे आच्छादन घालावे. वेलांच्या आळ्यात सच्छिद्र मडके गळ्यापर्यंत पुरून ते भरून ठेवल्यास पाणी थेट मुळांशी झिरपते.

हंगामानुसार लागवड पुढीलप्रमाणे करावी.

पावसाळा (जून-जुलै): भेंडी, गवार, चवळी, वांगी, मिरची, अंबाडी, माठ, कुंपणावर दोडका, कारले, दुधी.

हिवाळा (सप्टेंबर-ऑक्टोबर): मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, टोमॅटो, लसूण, वाल. मेथी-पालकाचा एकेक वाफा दर पंधरा दिवसांनी पेरावा, म्हणजे भाजी एकदम न येता क्रमाने येते.

उन्हाळा (जानेवारी-फेब्रुवारी): गवार, चवळी, माठ, काकडी, फक्त चार वाफे.

कायमची झाडे: शेवगा दोन, पपई दोन, लिंबू एक, कढीपत्ता एक, सांडपाण्याच्या जागी केळी व अळू.

शेवगा हा या यादीतील सर्वांत विश्वासू सोबती होय. पाणी कमी पडले तरी तो पाला व शेंगा देतो, आणि त्याचा पाला शेळीही आवडीने खाते. भेंडीमध्ये परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८५ मध्ये प्रसारित केलेला परभणी क्रांती हा सरळ वाण हळद्या रोगास प्रतिकारक म्हणून प्रसिद्ध झाला. परसबागेत शक्यतो असे सरळ व गावरान वाणच घ्यावेत, म्हणजे घरचे बी धरता येते. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी घरोघरीच्या गावरान भाज्यांचे बी जमवून बीज-बँक उभी केली. २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या गावातही कोणा आजीच्या मडक्यात राखेत ठेवलेले वालाचे वा दोडक्याचे बी असेलच. ते शोधून वाटावे.

कोंबडी व कोवळी रोपे यांचे वैर आहे, म्हणून कुंपण आवश्यक. तुरीच्या काड्या व बाभळीच्या काट्यांचा कूड करावा. पऱ्हाट्यांचे कुंपण करू नये व त्या घराजवळ रचूनही ठेवू नयेत. त्यांत गुलाबी बोंडअळी आश्रय घेते व पुढील हंगामात कापसावर येते. कोंबडखत व लेंडीखत दोन-तीन महिने कुजवूनच वापरावे. ताजे खत रोपे जाळते व रोगही पसरवते.

चांगल्या हंगामात एवढ्या बागेतून रोज अर्धा ते एक किलो भाजीची अपेक्षा धरावी. सर्व गरज यातून भागत नाही. उरलेली भाजी शेताच्या बांधावरील चवळी, भोपळा व पावसाळ्यातील तांदुळजा, घोळ, कुर्डू, करटुली या रानभाज्यांतून मिळवावी.

सावधगिरी

कापसावर फवारणी झालेल्या शेतातील तांदुळजा वा इतर तण घरात आणू नये, शेळ्यांना घालू नये व तेथे कोंबड्या सोडू नयेत. कीटकनाशकाचा रिकामा डबा धुऊनसुद्धा पाणी वा खाद्य यांसाठी वापरू नये.

आजारी वा मेलेले जनावर खाऊ नये. औषध दिलेले जनावर पशुवैद्यांनी सांगितलेली मुदत संपेपर्यंत कापू नये. जनावर अचानक मरून नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त आल्यास ते फाशी या रोगाचे लक्षण समजावे. असे शव कापू नये, कातडे काढू नये, दवाखान्यास त्वरित कळवावे. एकाच वेळी अनेक कोंबड्या मेल्यासही तसेच करावे. मांस कापण्याची सुरी व पाट भाजीच्या सुरीपाटापासून वेगळे ठेवावेत, हात साबणाने धुवावेत व मांस पूर्ण शिजवावे.

ताटातील वाटप

येथवर सांगितलेले सर्व केले तरी शेवटचा टप्पा चुकला तर श्रम वाया जातात. पुष्कळ घरांत आधी पुरुष, मग मुले व शेवटी गृहिणी जेवते. तिच्या वाट्यास बहुधा रस्सा उरतो, फोडी उरत नाहीत. रक्तक्षयाचे प्रमाण तर तिच्यात व बालकांत अधिक आहे. म्हणून कोंबडी शिजल्यावर भांड्यातच पाच वाटे करून ठेवावेत व गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीचा वाटा प्रथम काढावा. सहा महिने पूर्ण झालेल्या बालकास आईच्या दुधाबरोबर पूर्ण शिजलेले व मऊ कुस्करलेले अंडे हळूहळू सुरू करावे. पालेभाजीवर लिंबू पिळावे, व जेवणाबरोबर चहा घेऊ नये. चहामुळे लोहाचे शोषण कमी होते.

जी कुटुंबे माळकरी आहेत वा मांस खात नाहीत त्यांनीही हाच हिशेब करावा. डाळी, मोड आलेली कडधान्ये, दूध, शेंगदाणे, तीळ व परसातील भाजी यांतून त्यांचे ताट भरावे. वाटपाचा नियम त्यांनाही तितकाच लागू आहे.

नोंद आणि कार्यकर्त्यांचे काम

भिंतीवरील दिनदर्शिकेत रोज तीन आकडे लिहावेत: अंडी आली किती, घरी खाल्ली किती, विकली किती. नियम असा ठेवावा की आठवड्याची पहिली अठरा अंडी घरची; त्यावरील बाजाराची. महिन्याच्या शेवटी बेरीज केली म्हणजे घर आपल्यासाठी पिकवते की केवळ गिऱ्हाइकासाठी, हे अक्षरओळख असलेल्या मुलालाही सांगता येते.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी बी व पिल्ले यांच्या वाटपावर आपले काम संपले असे मानू नये. कृषी कार्यकर्ता, पशुसखी व अंगणवाडी सेविका यांनी एकत्रितपणे गावातील दहा घरे निवडावीत. पहिल्या महिन्यात सांडपाण्याचे मोजमाप, दुसऱ्यात वाफे व कुंपण, तिसऱ्यात खुराडे व लसीकरण असा क्रम ठेवावा. खुराडे तयार होण्यापूर्वी पिल्ले देऊ नयेत. पुढे दर महिन्यास दिनदर्शिका पाहावी व त्याच घरातील बालकाचे अंगणवाडीतील वजन तिच्याशी ताडून पाहावे. ‘किती पिल्ले वाटली’ यापेक्षा ‘किती अंडी घरात शिजली’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा मानावा.

फर्दापूरसारख्या गावात बाजार दाराशी आहे, हे सुदैव आहे. त्याचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु ज्याप्रमाणे शेतकरी धान्य विकण्यापूर्वी बियाणे बाजूस काढून ठेवतो, त्याचप्रमाणे अंडी, मांस व भाजी विकण्यापूर्वी मुलांचा व त्यांच्या आईचा वाटा बाजूस काढून ठेवावा. तेही पुढील पिढीचे बियाणेच होय.